विंचूदंश (रायगड किनारपट्टी)
श्रीवर्धन-महाड पट्ट्यात दगडी गडगे, पेंढा, सरपण यांत दडणाऱ्या तांबड्या विंचवाचा दंश जिवावर बेतू शकतो. विषामुळे अॅड्रेनॅलीनसारखी संप्रेरके रक्तात उसळतात. उलट्या, दरदरून घाम, गार हातपाय दिसतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. लहान मुलांना धोका सर्वाधिक. दंशाच्या जागी वेदना कमी, पण अंग घामाने थबथबलेले असेल तर अवस्था अधिक गंभीर समजावी. इथेच नवखा डॉक्टर फसतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रूढ केलेली प्राझोसिन ही रक्तवाहिन्या सैलावणारी स्वस्त गोळी निर्णायक ठरली. प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे त्यांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. मंत्र-उताऱ्यात वेळ न दवडता दवाखाना गाठावा.