उपेक्षित साहसपट आणि रसिकांची साक्ष

कलाकृति लोकांच्या स्मरणांत टिकते ती दोन प्रकारांनीं. एक तर ती स्वतः शिल्लक राहते; किंवा ती नष्ट झाली तरी रसिकांनीं तिच्याविषयीं केलेली चर्चा मागें उरते. दुसऱ्या प्रकाराचें उदाहरण वाशिमकरांस दूर शोधावयास नको. आजचें वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा संस्थापक राजा सर्वसेन यानें चौथ्या शतकांत पारिजाताच्या कथेवर ‘हरिविजय’ नांवाचें प्राकृत काव्य रचलें. तें काव्य आज उपलब्ध नाहीं. परंतु आनंदवर्धनानें त्याचा उल्लेख केला, कुंतकानें सर्वसेनाला कालिदासाच्या पंक्तीस बसविलें आणि भोजानें त्यांतील गाथा उदाहरणादाखल घेतल्या. पोथी गेली, मर्मज्ञांनीं नोंदविलेलीं मतें तेवढीं राहिलीं, आणि त्यांच्याच आधारें आपण आज त्या काव्याविषयीं कांहीं बोलूं शकतों.

हा दाखला मनांत ठेवून, ज्यास कला म्हणावयास पुष्कळ विद्वान् कचरतात अशा एका चित्रपटप्रकाराकडे वळूं. १९६४ मध्यें सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ हा चित्रपट निघाला. कथा कुरोसावाच्या १९६१ च्या ‘योजिंबो’ या जपानी चित्रपटावरून घेतलेली, देखावा अमेरिकेच्या सरहद्दीवरचा आणि चित्रण स्पेनमध्यें झालेलें! पुढील दहा-बारा वर्षांत इटालियनांनीं असे शेकडो चित्रपट काढले. स्पेनमधील अल्मेरियाचा उजाड मुलूख घोड्यांच्या टापांनीं दुमदुमून गेला. टीकाकारांनीं इटलीच्या शेवयांवरून या चित्रपटांस ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ असें हेटाळणीचें नांव दिलें.

लिओनेचें दिग्दर्शन आणि एन्निओ मॉरिकोनेचें संगीत यांची कीर्ति आतां सर्वत्र झाली आहे. तथापि खऱ्या शौकिनांची चर्चा तेथें थांबत नाहीं. ती रंगते कमी परिचित चित्रपटांवर. सर्जिओ कोर्बुची याचा ‘द ग्रेट सायलेन्स’ (१९६८) घ्या. येथें वाळवंटाऐवजीं बर्फ आहे, नायक मुका आहे, आणि शेवटीं तो मारला जाऊन बक्षिसासाठीं माणसें टिपणारे मारेकरी विजयी होतात. एक पक्ष म्हणतो, हा प्रेक्षकाचा विश्वासघात होय. दुसरा म्हणतो, मनुष्यवध हाच जेथें कायदेशीर धंदा झाला आहे तेथें याहून निराळा शेवट खोटा ठरेल. या चित्रपटाचा एक सुखान्त शेवटहि चित्रित करण्यांत आला होता. परंतु रसिकांच्या मनांत ठसला तो दुःखान्तच. मला दुसरा पक्ष ग्राह्य वाटतो.

सर्जिओ सोलिमाच्या ‘फेस टू फेस’ (१९६७) चा नायक तर इतिहासाचा प्राध्यापक आहे. हवापालटासाठीं गेलेला हा सौम्य गृहस्थ एका दरोडेखोराच्या सहवासांत पडतो आणि हळूहळू त्याच्याहून निर्दय होतो. उलट दरोडेखोराची सदसद्विवेकबुद्धि जागी होते. हें परिवर्तन फार घाईनें घडतें, असा आक्षेप घेतां येईल. पण पुस्तकी विद्या मनुष्याला क्रौर्यापासून वांचवितेच असें नाहीं, हें आम्हां प्राध्यापकमंडळींस ऐकविण्याचें धैर्य किती प्रतिष्ठित चित्रपटांनीं दाखविलें आहे?

‘शोले’ (१९७५) मधील ठाकुराच्या कुटुंबाचा संहार पाहतांना लिओनेच्या १९६८ च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची आठवण जाणकारांस होते. त्यावरून सूड आणि घोडदौड हीं आम्ही इटलीपासून शिकलों असा कोणी ग्रह करून घेईल, तर तो चुकीचा होय. लिओनेच्या आधीं तीन तपांहून अधिक काळ मास्तर विठ्ठल आपल्याकडे तलवार गाजवीत होते. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींतून पुढें आलेला हा नट मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीच्या साहसी मूकपटांचा नायक झाला. लोक त्यास हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. ‘आलम आरा’साठीं त्यांनीं शारदा कंपनी सोडली तेव्हां करारभंगाचा खटला झाला, आणि त्यांचें वकीलपत्र बॅरिस्टर जिनांनीं घेतलें होतें. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहांत झळकलेल्या या पहिल्या बोलपटाचे नायक विठ्ठलच होते.

त्याच वर्षीं ग. प. पवारांचा ‘दिलेर जिगर’ हा मूकपट निघाला. भावाचा घात करून गादी बळकावणारा दुष्ट, कसरतीचे खेळ करीत वाढलेला राजपुत्र, आणि मुखवटा चढवून तलवार उपसणारी नायिका! ही नायिका म्हणजे येवल्याच्या ललिता पवार. पुढच्या पिढ्यांनीं त्यांस खाष्ट सासू म्हणूनच ओळखलें. १९६४ मध्यें पुण्यास स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत हा मूकपट जतन झाला, म्हणून आज हें सांगतां येतें. विठ्ठलांचे बहुतेक मूकपट मात्र नाहींसे झाले. ‘आलम आरा’सुद्धां उरला नाहीं.

त्या काळची नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेई, हें एक कारण. दुसरें आमच्या वृत्तींत आहे. सुशिक्षितांच्या लेखीं स्टंटपट म्हणजे पिटांतल्या प्रेक्षकांची करमणूक. संतपट व सामाजिक बोलपट यांवर आम्ही हिरीरीनें वाद घातले. घोड्यावरून उडी घेणाऱ्या नायकाविषयीं चार ओळी लिहिणें कमीपणाचें मानलें. इटालियन चित्रपटांचीहि हेटाळणी झाली, पण त्यांच्या चाहत्यांनीं गौणांतल्या गौण चित्रपटावरहि मत देण्याचें सोडलें नाहीं. म्हणून कोर्बुची आणि सोलिमा यांचीं नांवें लिओनेच्या छायेंत लोपलीं नाहींत.

गेलेल्या फिती परत आणणें आपल्या हातीं नाहीं. साक्ष नोंदविणें आहे. वऱ्हाडांतील जत्रांच्या तंबूंत बसून ज्यांनीं लहानपणीं स्टंटपट पाहिले, असे वृद्ध अद्याप कांहीं घरांत आहेत. घरच्या तरुणांनीं त्यांस विचारावें आणि उत्तर लिहून ठेवावें. मात्र ‘छान होता’ एवढ्यावर त्यांस सोडूं नये. आनंदवर्धनानें सर्वसेनाचें नुसतें कौतुक केलें नाहीं. रसाला अनुकूल असा फेरबदल कवीनें परंपरागत कथेंत केला, हें त्यानें कारण देऊन सांगितलें. कोणता प्रसंग पटला, कोठें तंबू हंसला, कोठें शिट्ट्या बंद पडून सारे गप्प झाले, आणि शेजारी बसलेल्याचें मत निराळें होतें काय, हेंहि विचारावें. ही चौकशी लवकर व्हावी. कारण हे साक्षीदार आतां नव्वदीच्या आसपास आहेत.