जामीन आणि शेजार

मराठी दप्तरांत जामिनाचे प्रकार नावांनीच निरनिराळे केलेले आढळतात. माणूस बोलावताच हजर होईल अशी हमी देणारा तो हाजीरजामीन. पैशाची हमी देणारा तो मालजामीन. फौजदारी न्यायालयात आज जो जामीन मागितला जातो, तो मुळात पहिल्या प्रकारचा. खटल्याच्या दिवशी आरोपी समोर उभा राहावा, एवढीच त्यामागील मूळ अपेक्षा. गुन्हा घडला की नाही, याचा निवाडा त्यात अभिप्रेत नाही.

इंग्लंडात १२७५ साली वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने कोणते कैदी जामिनावर सोडावेत व कोणते सोडू नयेत हे लिहून काढले. हिंदुस्थानात दंड संहिता १८६० साली व पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता १८६१ साली झाली. दंड संहितेने मारहाणीची वर्गवारी केली. हाड मोडले, दात पडला, डोळा गेला, किंवा जखमी मनुष्य वीस दिवस तीव्र वेदनेत राहिला, तर ती जबर दुखापत, एरवी साधी. (२०२३ च्या भारतीय न्याय संहितेने हे वीस दिवस पंधरावर आणले.) १९७३ च्या प्रक्रिया संहितेत तर हा भेद चमत्कारिक वाटावा इतका बारीक होता. ठोशाने हाड मोडले तर गुन्हा जामीनपात्र, म्हणजे जामीन हा आरोपीचा हक्कच. तेच हाड कुऱ्हाडीने मोडले तर गुन्हा अजामीनपात्र, म्हणजे सर्व काही न्यायाधीशाच्या विवेकावर. म्हणून अशा प्रकरणात पहिल्या दिवशी डॉक्टरच्या दाखल्याइतका मोलाचा कागद दुसरा नसतो.

या विवेकाला वळण लागण्यास बराच काळ गेला. जामीन नाकारणे ही शिक्षा नव्हे, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने १९२४ साली सांगितले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जामीन हा नियम व तुरुंग हा अपवाद, असे सूत्र घालून दिले. आरोपाचे गांभीर्य, पुराव्याचे स्वरूप, पळून जाण्याचा संभव आणि साक्षीदारांना धाक, या गोष्टी तोलल्या जाऊ लागल्या.

परंतु मारहाणीचा आरोपी पळून जाईल ही भीती बहुधा फोल असते. त्याचे घर, शेत, बिऱ्हाड तेथेच असते, आणि फिर्यादीचेही. तो जात नाही, हीच खरी अडचण.

याचे उदाहरण माळव्यातले आहे. २०२० साली उज्जैन जिल्ह्यातील एका विवाहित स्त्रीने, शेजाऱ्याने घरात शिरून आपला विनयभंग केला, अशी फिर्याद दिली. बळजबरीच्या या गुन्ह्याला २०१३ च्या दुरुस्तीने देशभर अजामीनपात्र ठरविले होते. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने ३० जुलै २०२० रोजी आरोपीस जामीन दिला. अट अशी की त्याने राखीपौर्णिमेस, म्हणजे ३ ऑगस्टला, पत्नीसह मिठाई घेऊन फिर्यादीच्या घरी जावे, तिच्याकडून राखी बांधून घ्यावी आणि ओवाळणी म्हणून अकरा हजार रुपये द्यावेत. ज्याच्या भीतीने ती न्यायालयात आली, त्यालाच न्यायालयाने तिच्या उंबरठ्यावर पाठविले! हेतू कितीही चांगला असो, अटीने खटल्याआधीच समेट उरकला होता, आणि तोही तिला न विचारता.

नऊ स्त्री वकिलांनी या आदेशाविरुद्ध दाद मागितली. १८ मार्च २०२१ रोजी न्यायमूर्ती खानविलकर व न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी ती अट रद्द केली, आणि पुढील प्रकरणांसाठी मार्गदर्शन घालून दिले. आरोपी व फिर्यादी यांची गाठ पडेल अशी अट घालू नये; त्रासाचा संभव असेल तर संपर्कास मनाई करावी; तडजोड वा विवाह सुचवू नये. आरोपी सुटताच फिर्यादीस तत्काळ कळवावे, आणि जामिनाच्या आदेशाची प्रत दोन दिवसांत तिच्या हाती द्यावी.