थेंबांचा उतरता तक्ता

१८२२ च्या उन्हाळ्यात टॉमस डी क्विन्सी या इंग्रज लेखकानं अफूचा अर्क रोज किती थेंब घेतला, याचा तक्ता त्यानं स्वतःच छापून ठेवलाय. २४ जून, सोमवार : १३० थेंब. मंगळवारी १४०, बुधवारी पुन्हा १३० आणि चौथ्या दिवशी एकदम ८०. पुढचे दहाएक दिवस गाडी ८० च्या आसपास रुळावर चालते आणि ८ जुलैला आकडा येतो ३००. दुसऱ्या दिवशी ५०. मग चार दिवस कोरे. मग ७६, साडेत्र्याहत्तर, पुन्हा साडेत्र्याहत्तर, ७०. आणि लगेच २४०, ८०, ३५०.

अर्धा थेंब त्यानं कसा मोजला असेल, हा प्रश्न मला औषधविक्रेतीला पडल्याशिवाय राहत नाही. पण आकडे खोटे वाटत नाहीत. खोटा तक्ता सरळ उतरत जातो. डॉक्टरांना दाखवायला साखरेच्या नोंदी घरी बसून लिहिणारी माणसं मी उभ्या आयुष्यात पुष्कळ पाहिली. त्यांच्या वहीत ३५० कधी येत नाही.

आमचं दुकान मिरजेतलं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी इथं मिशनचं रुग्णालय उभं केलं आणि तेव्हापासून अर्धा कर्नाटक आपली हाडं, पोटं आणि पाठी घेऊन इथं उतरतो. ऑपरेशन झालं की माणूस गावी परत जातो, दुखणं मात्र बरेचदा सोबत जातं, आणि त्याच्या खिशात आमच्या दुकानाची पिशवी असते. ऑपरेशन करणाऱ्यांचा इतिहास लिहिला जातो. दुखण्याची गोळी सुरू करणं सोपं आणि थांबवणं अवघड, या दुसऱ्या भागाचा इतिहास तुकड्यातुकड्यांत पडलाय. मी दुकानदाराच्या नजरेनं तो जुळवत आले.

डी क्विन्सीची सुरुवातही दुखण्यानंच झाली. १८०४ ची शरद ऋतूतली पावसाळी रविवारची दुपार, लंडनची ऑक्सफर्ड स्ट्रीट. दाढेच्या ठणक्यातून सुरू झालेली डोक्या-चेहऱ्याची कळ वीसेक दिवस थांबत नव्हती. कॉलेजातल्या ओळखीच्यानं अफू सुचवली. तो एका दुकानात शिरला, अर्क मागितला, दुकानदारानं दिला आणि शिलिंगातले उरलेले तांब्याचे सुटे पैसे परत केले. चिठ्ठी नाही, प्रश्न नाही. इंग्लंडात अफूच्या विक्रीवर औषधविक्रेत्यांचं बंधन आलं ते १८६८ च्या कायद्यानं. तो दुकानदार दिसायला मठ्ठ होता असं डी क्विन्सी लिहितो. आमच्या धंद्याबद्दल गिऱ्हाइकाचं मत दोनशे वर्षांत फारसं बदललेलं नाही.

पुढं त्याचा दिवसाचा हिशेब आठ हजार थेंबांवर गेला. तोच सांगतो, लहान चमच्यानं मोजलं तर ऐंशी चमचे. मग उतरणं सुरू झालं. तक्त्याच्या शेवटच्या आठवड्यात तो साठावर आला, दुसऱ्या दिवशी शून्यावर, आणि नव्वद तास तसाच राहिला. त्या दिवसांत शिंका यायच्या. दिवसातून दोन-तीनदा, एकेका वेळी दोन दोन तास. अफू शरीराचे जे जे झरे आटवते, ती थांबवल्यावर ते सगळे एकदम फुटतात : नाक वाहतं, डोळे वाहतात, पोट वाहतं, घाम सुटतो, अंगावर काटा येतो. पुण्या-मुंबईत गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, नादी लागलेल्या पोरांनी याला 'टर्की' म्हटलं. चिठ्ठीवरची गोळी घेणाऱ्या निवृत्त कारकुनाला तो शब्द माहीत नसतो. तो म्हणतो, "बहुतेक फ्लू झालाय."

डी क्विन्सी पुरता सुटला नाही. १८५९ मध्ये चौऱ्याहत्तराव्या वर्षी वारला, तोपर्यंत अफू कमी-जास्त होत सोबत होतीच.

१८५५ मध्ये एडिंबराच्या अलेक्झांडर वुडनं मज्जातंतूंच्या दुखण्यावर सुईनं मॉर्फीन दिल्याचं प्रसिद्ध झालं. तोंडानं घेतलं नाही तर चटक लागणार नाही, अशी त्या काळी डॉक्टरांची समजूत होती. पंचवीस वर्षांत ती समजूत बर्लिनजवळच्या शोनेबर्गमध्ये एडुआर्ड लेव्हिनश्टाइनच्या दवाखान्यात भरती होऊ लागली. त्याचं पुस्तक १८७७ चं. पद्धत अशी : पहिल्या दिवशी मॉर्फीन पूर्ण बंद. रोग्याला आठ ते चौदा दिवस खोलीत कोंडायचं, इजा करून घेता येईल अशी वस्तू आत ठेवायची नाही, पहाऱ्याला परिचारिका, गरम पाण्याची आंघोळ. आणि प्राणावरच बेतलं तर देण्यासाठी मॉर्फीन हाताशी. शेवटची गोष्ट महत्त्वाची : कोंडणाऱ्यालाही ठाऊक होतं की एकदम बंद करणं काय असतं.

त्याच्याच काळात जर्मनीत बुर्कार्ट म्हणत होता, हळूहळू उतरवा. एर्लेनमायर म्हणत होता, मधला मार्ग घ्या, थोड्या दिवसांत पण टप्प्यांनी. हा वाद इतका रंगला की मूळ रोगी कशासाठी मॉर्फीन घेत होता हे बाजूला पडलं. व्हिएन्नातला शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट फॉन फ्लाइश्ल-मार्क्सोव्ह याचं उदाहरण घ्या. शवविच्छेदन करताना अंगठ्यात विष भिनलं, अंगठा कापावा लागला आणि उरलेल्या थोटात मज्जातंतूंच्या गाठी होत राहिल्या. त्या वेदनेसाठी मॉर्फीन. १८८४ मध्ये त्याचा तरुण मित्र सिग्मंड फ्रॉइड यानं मॉर्फीन सुटावं म्हणून कोकेन दिलं. फ्लाइश्ल दोन्हीत अडकला आणि १८९१ मध्ये गेला. फ्रॉइडला यावरून बोल लावणारे पुष्कळ आहेत. पण गाठी तशाच होत्या, हे कितीजण बोलतात?

आपल्याकडं हा सगळा व्यवहार वेगळ्या दारानं आला. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला गेली, त्यावर पेढ्या उभ्या राहिल्या. उरलेली सरकारी परवान्याच्या दुकानांत विकली गेली. म्हातारी माणसं सांधे धरले की मुगाएवढी अफू घेत. गिरणगावात पाळीवर जाणाऱ्या बाया तान्ह्याला बाळगोळी चाटवून जात; त्या गोळीत अफू असे, म्हणजे पोर दिवसभर झोपून राही. १९२० च्या दशकातल्या मुंबईच्या कामगार-पाहण्यांत हे स्पष्ट नोंदलेलं आहे. सुट्टीच्या दिवशी, गोळी नसताना ती पोरं कशी रडली असतील, हे कुणी लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही.

आमचे सासरे त्या परवाना-काळाच्या शेपटाला धंद्यात आले. मिक्श्चरचा जमाना होता. टिंक्चर ओपियायची बाटली कुलपातल्या कपाटात, शेजारी मिनिमच्या खुणांचा निमुळता काचेचा ग्लास. तो ग्लास डोळ्यांच्या रेषेत धरूनच वाचायचा, वाकून नाही, अशी त्यांची सक्त ताकीद. वाकून वाचलं की माप चुकतं. १९४९ मध्ये देशातल्या अफू परिषदेनं ठरवलं की राज्यांना मिळणारी खाण्याची अफू दरवर्षी दहा टक्क्यांनी कमी करायची आणि दहा वर्षांत संपवायची. १ एप्रिल १९५९ ला दुकानं बंद झाली, फक्त नाव नोंदवलेल्या जुन्या खाणाऱ्यांना वैद्यकीय कारणानं अफू मिळत राहिली. एका अख्ख्या देशाला लिहून दिलेली ही उतरती मात्राच होती. कागदावर मला ती आवडते. पण सांधे धरलेल्या म्हाताऱ्यांना बदल्यात दुसरं काय दिलं, या रकान्यात फारसं काही दिसत नाही.

अमेरिकेचा वेग कायद्यानं ठरवला. १९१४ चा हॅरिसन कायदा आणि १९१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनंतर, सवय लागलेल्या माणसाला ती भागवण्यापुरतं औषध लिहून देणं हा डॉक्टरचाच गुन्हा झाला. १९३५ मध्ये केंटकीत लेक्सिंग्टनला कैदी आणि आपणहून आलेले रोगी यांच्यासाठी शेतीसकट प्रचंड संस्था उभी राहिली. तिथं क्लिफ्टन हिमल्सबाक यानं जांभया, वाहतं नाक, अंगावरचा काटा, डोळ्यांच्या बाहुल्या, वजन यांना गुण देत औषध तुटल्याच्या त्रासाचं मोजमाप बसवलं. जांभईलाही गुण! चेष्टा नाही, दुकानात उभा असलेला माणूस लागोपाठ जांभया देतोय, डोळ्यांतून पाणी येतंय आणि झोप मात्र रात्रभर झालेली नाही, हे मी काउंटरवरून ओळखायला शिकले.

त्याच वंशातला अकरा मुद्द्यांचा तक्ता आज जगभर वापरतात. त्यात हाडं-सांधे दुखण्याचा मुद्दा आहे, आणि सूचना अशी की रोग्याला आधीपासून दुखत असेल तर ते वगळून फक्त वाढलेल्या दुखण्याला गुण द्यायचे. शास्त्राच्या दृष्टीनं बरोबर आहे. पण रात्री दोन वाजता कमरेतली कळ आधीची की नंतरची, हे कुणी सांगावं?

१९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या डोल आणि नायस्वांडर यांनी मेथाडोन रोज ठरल्या मात्रेत देत राहण्याचा मार्ग मांडला. १९७८ मध्ये रक्तदाबाच्या क्लोनिडीननं घाम-धडधड कमी होते असं दिसलं. आणि वेदनेसाठीच निघालेलं ब्युप्रेनॉर्फीन पुढं सुटण्यासाठी कामाला आलं. आपल्याकडं गर्दनं पोरं गिळायला सुरुवात केली तेव्हा डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीच्या बळावर, २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केलं. मराठी घराघरांत व्यसनमुक्ती पोचली ती तिथून. पण पाठदुखीच्या गोळीवर अडकलेला माणूस स्वतःला व्यसनी समजत नाही. तो कुठल्याच दारात जात नाही. तो औषधाच्या दुकानात येतो.

१९९६ मध्ये अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिन हे अफूच्या वंशातलं वेदनाशामक बाजारात आलं आणि वीस वर्षांत तिथल्या डॉक्टरांना घाम फुटला. २०१६ मध्ये तिथल्या रोग नियंत्रण केंद्रानं मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि अनेक ठिकाणी त्यांचा अर्थ 'कापा' एवढाच लावला गेला. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या गोळ्या झपाट्यानं उतरवल्या गेल्या. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनालाच इशारा द्यावा लागला की असं अचानक तोडल्यानं तीव्र त्रास, अनावर वेदना आणि आत्महत्या घडताहेत. २०२२ च्या नव्या सूचनांत वर्षापेक्षा जास्त घेणाऱ्यांसाठी महिन्याला दहा टक्के किंवा त्याहून हळू, असा वेग आला. लेव्हिनश्टाइन आणि बुर्कार्टचं भांडण एकशेचाळीस वर्षांनी पुन्हा त्याच जागी.

आपल्याकडं एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. त्याआधी २०१४ पासून ते एच-वनच्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतच होतं. कायदा हवाच होता. बेछूट विक्री मी पाहिलीय. पण तो आला तसं पुष्कळ दुकानांनी कटकट नको म्हणून माल ठेवणंच बंद केलं. नदीपलीकडच्या गावातले एक निवृत्त शिक्षक त्या सुमारास आमच्याकडं आले. मणक्याचं ऑपरेशन झालेलं, शंभराची एसआर गोळी सकाळ-संध्याकाळ, दीड वर्ष. गावातल्या दुकानात मिळेना. जांभया, नाक, आणि खुर्चीत बसवत नव्हतं. पाय सारखे हलत होते.

"सर, एकदम बंद केलीत?"

"मी कुठं केली, ताई? बंद झाली. गोळी नको तर नको. पण रात्री हे पाय कुणाच्या स्वाधीन करू?"

त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. तोवर सरांनी घरी उरलेली गोळी अर्धी करून घेतल्याचं कळलं. एसआर गोळी मोडायची नसते. तिच्यात औषध दिवसभर झिरपावं अशी रचना असते, मोडली की सगळं एकदम अंगात उतरतं. म्हणून डॉक्टरांनी आधी साध्या पन्नासच्या कॅप्सूलवर आणलं, दिवसात चार. मग चारच्या तीन, आणि तिथंच महिनाभर मुक्काम. मग एकेक कॅप्सूल काढून तिच्या जागी पॅरासिटामॉल जोडलेली साडेसदतीसची गोळी. आठवड्याची पट्टी आम्ही कापून द्यायची, महिन्याची नाही, आणि गोळ्यांच्या कपाटाची चावी सरांच्या पत्नीकडं, काकूंकडं. सोबत कमरेचे व्यायाम; ते मात्र डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून लिहिले होते, गोळी उतरायच्या आधीपासून.

अधेमधे त्यांचेही ८ जुलै आले. भाचीच्या लग्नात दोन दिवस उभं राहिल्यावर दोन गोळ्या जास्त. काकू रागावल्या, डॉक्टरांनी फक्त नोंद केली आणि पायरी पंधरा दिवस पुढं ढकलली. सगळ्यात लांबली शेवटची पाव भागाची उतरण. दोनशेवरून शंभरावर यायला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त त्या शेवटच्या एका गोळीला लागला. औषध कमी तितकी प्रत्येक काटछाट मोठी, हा हिशेब सरांना लगेच पटला, गणिताचेच शिक्षक.

आता ते पॅरासिटामॉल न्यायला येतात, आणि व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं फी वाढवली म्हणून तक्रार करतात. कंबर दुखतेच. परवा विचारत होते, सरकार गोळीवर रजिस्टर ठेवतं, तसं या मुलीच्या फीवर काही ठेवता येईल का.