मित्राच्या गाडीचे ब्रेक

ऑगस्ट १९५८ मध्ये नूरबुर्गरिंगच्या शर्यतीत फेरारीचा तरुण इंग्रज चालक पीटर कॉलिन्स दगावला. मागे राहिली त्याची स्वतःच्या वापरातली फेरारी २५० जीटी. तिला त्याने हौसेने डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवून घेतले होते. महिन्याभरावर माँझाची इटालियन ग्रांप्री आली होती. माइक हॉथॉर्न हा कॉलिन्सचा जिवलग मित्र आणि संघातला सहकारी. कॉलिन्सच्या गाडीचे ब्रेक उतरवून हॉथॉर्नच्या शर्यतीच्या गाडीवर, डिनो २४६ वर, चढवले गेले. हॉथॉर्न माँझाला दुसरा आला आणि मोसमाअखेर ४२ विरुद्ध ४१ अशा एका गुणाने स्टर्लिंग मॉसला मागे टाकून जगज्जेता झाला.

संघाचे मालक एन्झो फेरारी यांचा जीव इंजिनात. प्रतिस्पर्धी डिस्क ब्रेकवर धावत असतानाही ते जुन्या ड्रम ब्रेकलाच चिकटून होते. हॉथॉर्नला मात्र फरक ठाऊक होता, कारण १९५५ ची ल माँची चोवीस तासांची शर्यत त्याने डिस्क ब्रेकच्या जॅग्वारमधून जिंकली होती.

ड्रममध्ये ब्रेक शू आतून बाहेर दाबले जातात. सतत ब्रेक मारले की ड्रम तापून फुगतो आणि शूपासून लांब जातो. लायनरची पकडही तापून ढिली पडते. पेडल खाली खाली जात राहतं आणि गाडी थांबत नाही. डिस्क उघड्या वाऱ्यात फिरते, दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळतात आणि ती तापून जाड झाली तरी पॅडच्या जवळच येते. ही कल्पना काही नवी नव्हती. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्येच डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं, पण तांब्याचे पॅड कानठळ्या बसवत. अडचण दूर व्हायला निम्मं शतक गेलं.

१९५३ च्या ल माँमध्ये जॅग्वार सी-टाइप डनलॉपच्या डिस्क घेऊन उतरली. अमेरिकेची कनिंगहॅम सरळ रस्त्यावर तिच्याहून वेगवान होती, पण तिला ड्रम होते. मुल्सान या लांबलचक सरळ पट्ट्याच्या टोकाला कनिंगहॅमला लवकर ब्रेक मारावा लागे, जॅग्वारचे चालक बरंच पुढे जाऊन मारत. जॅग्वार पहिली आली आणि कनिंगहॅम तिसरी. त्या शर्यतीत पहिल्यांदाच सरासरी वेगाने ताशी १०० मैलांचा टप्पा ओलांडला. दोन वर्षांनी ल माँमध्येच मर्सिडीजने ड्रमची उणीव भरून काढायला गाडीच्या पाठीवर वाऱ्याला अडवणारी मोठी झडप बसवली. त्याच शर्यतीत मर्सिडीजची एक गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसं मेली, आणि उरलेल्या मर्सिडीज रात्रीच मागे घेण्यात आल्या.

डिस्क सर्वमान्य झाल्यावर चढाओढ आकाराची लागली. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक मारताना तिच्यातली बहुतेक उष्णता होऊन डिस्कमध्येच शिरते. १९७८ मध्ये पोर्शेने ९११ टर्बोचं इंजिन ३ लिटरचं ३.३ लिटर केलं, तेव्हा ब्रेकही वाढवले. ल माँ जिंकलेल्या ९१७ च्या धर्तीवर पॅड आवळणारे चार पिस्टनचे अॅल्युमिनियमचे कॅलिपर आले आणि भोकं पाडलेल्या जाड डिस्क आल्या. मग जुन्या ९११ च्या हौशी मालकांनी तेच ब्रेक आपल्या गाड्यांना लावायला सुरुवात केली. फॉर्म्युला वनमध्ये १३ इंची चाकात २७८ मिलिमीटरपेक्षा मोठी डिस्क नियमानेच वर्ज्य होती. २०२२ मध्ये चाकं १८ इंची झाली आणि पुढची डिस्क ३२८ पर्यंत गेली.

मोठी डिस्क म्हणजे गाडी लगेच थांबणार, हा गैरसमज मात्र पक्का रुजला आहे. एकदा कचकन ब्रेक दाबून थांबण्याचं अंतर मोठ्या डिस्कने फारसं घटत नाही. जुना ब्रेकही चाक जाम करू शकत असेल, तर थांबवणारा शेवटी टायरच. मोठी डिस्क कामाला येते ती दहाव्या, विसाव्या ब्रेकला. शिवाय ती जड असते आणि जुन्या चाकात मावेलच असं नाही.

या इतिहासाचा एक धागा पुण्याजवळ चाकणला येतो. बजाजच्या कारखान्यात तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूक मोटरसायकलला ब्रेंबो या ब्रेक कंपनीचे 'बायब्रे' नावाचे ब्रेक असतात. सुरुवातीला तिची पुढची डिस्क ३०० मिलिमीटरची होती, २०१७ मध्ये ती ३२० ची झाली.