क्युसेक ते टीएमसी : वाहत्या पाण्याच्या मापांची कथा

हौदातले पाणी मोजणे सोपे आहे; लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार केला की झाले. वाहत्या पाण्याला मात्र काळाची जोड द्यावी लागते. पाणी किती, या प्रश्नाला किती वेळात, हा प्रश्न चिकटलेलाच असतो. भारतात त्याचे उत्तर दीर्घकाळ सेकंदाला इतके घनफूट, म्हणजेच ‘क्युसेक’ या मापात दिले गेले आहे.

हरिद्वारहून निघणारा गंगा कालवा ८ एप्रिल १८५४ रोजी खुला झाला. प्रोबी कॉटली यांनी तो सेकंदाला ६,७५० घनफूट पाणी वाहून नेईल अशा बेताने आखला होता. कालव्यांच्या कामासाठी माणसे तयार व्हावीत म्हणून रुडकीचे अभियांत्रिकी विद्यालय १८४७ मध्येच सुरू झाले होते. एका क्युसेकवर किती एकर भिजतात, या हिशेबावर पुढे सिंचनाचे सारे नियोजन उभे राहिले. हा हिशेब सोयीचाही होता. दिवसाचे सेकंद ८६,४००. तेव्हा एक क्युसेक प्रवाह अहोरात्र चालला की ८६,४०० घनफूट पाणी होते, आणि ते जवळजवळ दोन एकर-फूट भरते. दोन एकरांवर फूटभर पाणी! पाटकऱ्यालाही तोंडी करता यावा असा हा गुणाकार होता.

वजनमापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. बाजारातून शेर आणि मण हळूहळू मागे पडले. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत सेकंदाला घनमीटर हे माप आले. त्याचे बोलीतले नाव ‘क्युमेक’. एक क्युमेक म्हणजे ३५.३१ क्युसेक, आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३२ लिटर. नद्या मात्र या कायद्याला फारशा बधल्या नाहीत. त्याचे कारण अभियंत्यांच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल. पाण्याची वचने जुन्या मापांत दिली गेली होती, आणि पुढेही दिली जात राहिली. कायदा लागू झाल्यानंतर दोनच वर्षांनी झालेला सिंधू पाणीवाटप करार क्युसेक आणि एकर-फूट याच भाषेत बोलतो.

१२ डिसेंबर १९९६ रोजी झालेला भारत-बांगलादेश गंगा करारही तसाच आहे. जानेवारी ते मे या टंचाईच्या महिन्यांत फराक्का येथील प्रवाह ७५,००० क्युसेक वा त्याहून अधिक असेल, तर भारताने ४०,००० क्युसेक घ्यावे आणि उरलेले बांगलादेशाला मिळावे, असे त्यात ठरले. हे ४०,००० क्युसेक मेट्रिकमध्ये १,१३२.७ क्युमेक होतात. कोणी सोयीसाठी १,१३० लिहिले, तर सुमारे ९४ क्युसेक गळतात. कागदावर ही किरकोळ तफावत. प्रत्यक्षात ते दिवसाला सुमारे २३ कोटी लिटर पाणी असते. करारातला आकडा त्याच्या मूळ मापातच ठेवण्याचा आग्रह यामुळे समजण्यासारखा आहे.

याहून मोठा गोंधळ प्रवाह आणि साठा यांच्यात होतो. धरणातले पाणी टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत सांगतात. सोडलेले पाणी क्युसेकमध्ये. पावसाळ्यात मराठी वृत्तपत्रांतही हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात आणि वाचक त्यांची तुलना करू पाहतो. त्यांना जोडणारा दुवा काळाचा आहे : ११,५७४ क्युसेक प्रवाह पूर्ण एक दिवस चालला की एक टीएमसी पाणी जाते.

५ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाला तमिळनाडूसाठी कावेरीचे पाणी दहा दिवस दररोज १५,००० क्युसेक सोडण्यास सांगितले. ‘दररोज’ या शब्दाने अनेकांची फसगत झाली, कारण क्युसेकमध्ये सेकंद आधीच आहे. हिशेब केला तर हे दिवसाला १.२९६ आणि दहा दिवसांत १२.९६ टीएमसी होत होते. १२ सप्टेंबरला हा आकडा १२,००० क्युसेकवर आला, म्हणजे दिवसाला १.०४ टीएमसीच्या आत. त्याच दिवशी बेंगळुरूत गाड्या जळत होत्या. रस्त्यावरच्या कितीजणांनी हा गुणाकार केला असेल?

१६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने तमिळनाडूला वर्षाला द्यावयाचे पाणी १९२ वरून १७७.२५ टीएमसीवर आणले. वर्षभर समान वाटल्यास ही सरासरी सुमारे ५,६२० क्युसेक पडते. पण जूनमध्ये कुरुवई भाताच्या तयारीला लागणाऱ्या तंजावरच्या शेतकऱ्याला अशा सरासरीचा काय उपयोग? म्हणून वाटपाचे महिनावार हप्ते ठरलेले आहेत, आणि सीमेवरील बिलिगुंडलूच्या मापन केंद्रावर सेकंदाच्या हिशेबाने मोजलेला प्रवाह टीएमसीत बेरीज करून त्या त्या महिन्याच्या हप्त्याशी ताडून पाहिला जातो.