पनवेलचा स्थानिक रेडिओ कुठला?

'स्थानिक रेडिओ' या विषयावर संशोधन करायचं ठरवलं की आपण आधी केंद्रांची यादी करायला बसतो. केंद्र कधी सुरू झालं, किती किलोवॅटचं, कार्यक्रम कोणते. पनवेलच्या बाबतीत ही पद्धत पहिल्याच पायरीला अडखळते. गाव रायगड जिल्ह्यातलं, पण इथे वर्षानुवर्षं वाजत आलेला रेडिओ मुख्यतः मुंबईचा. म्हणून मी प्रश्न थोडा फिरवून घेतलाय: केंद्र कुठे होतं हे राहू द्या, आवाज कुठवर पोचत होता? असं विचारलं की रेडिओच्या इतिहासात डोंगर शिरतात.

नकाशा काढून बघा. वरळीपासून पनवेल सरळ रेषेत जेमतेम ३० किलोमीटर, आणि मधे बराचसा भाग खाडीचा. पनवेलच्या पूर्वेला मात्र प्रबळगड आणि माथेरान उभे आहेत, दक्षिणेला कर्नाळा. माथेरानची उंची ८०० मीटरच्या आसपास, आणि मुंबईकडून पाहिलं तर कर्जत बरोबर त्याच्या पाठीमागे. म्हणजे एकाच जिल्ह्यातली दोन गावं, पण रेडिओच्या दृष्टीने दोन वेगळे प्रदेश.

आता थोडं भौतिकशास्त्र, घाबरू नका. मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर. त्या लहरीची लांबी ५३७ मीटर भरते. एवढी लांब लहर जमिनीला धरून चालते आणि डोंगराला वळसा घालते. क्षीण होते, पण पलीकडे उतरते. एफएमची लहर साधारण ३ मीटरची. ती जवळजवळ सरळ रेषेत जाते, डोंगर आला की मागे सावली पडते. १०० मीटर उंच अँटेनापासून सपाट प्रदेशात रेडिओचं क्षितिज ४१ किलोमीटरच्या आसपास असतं. हिशोबाने पनवेल त्यात आरामात बसतं. पण 'सपाट प्रदेशात' ही अट आहे, आणि कोकणात नेमकी तीच अट मोडते. मुंबई-गोवा रस्त्यावर कर्नाळ्याच्या खिंडीत शिरल्यावर गाडीतलं एफएम खरखरायला लागतं, ते यामुळेच.

हे डोक्यात ठेवून इतिहास वाचला की कार्यक्रमांचं रूपही वेगळं दिसतं. मुंबई केंद्राचं उद्घाटन २३ जुलै १९२७ ला झालं, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं, प्रक्षेपक दीड किलोवॅटचा. कंपनी १९३० मध्ये बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला, १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं. पुढे प्रक्षेपकांची ताकद वाढली आणि एकाच लहरीवर गिरणगावही आलं आणि रायगडातलं भातशेतही. म्हणून मग दिवसाचे तुकडे पाडून वाटणी करावी लागली: बायकांसाठी 'वनिता मंडळ', 'कामगारांसाठी', शेतकऱ्यांसाठी वेगळा वेळ, मुलांसाठी 'गंमत जंमत'. आपण याला सरकारी प्रबोधनाचं धोरण म्हणून मोकळे होतो. धोरण होतंच, पण लहरीचा पसाराही त्यामागे होता असं माझं मत आहे. वाहिनी थोडी आणि ऐकणारे नाना तऱ्हेचे असले की असंच होणार.

१९५२ चा किस्सा तर मला फार आवडतो. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व प्रसारण मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटली. श्रोते वळले रेडिओ सिलोनकडे. अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' ध्वनिमुद्रित व्हायची मुंबईत, टेप जायच्या कोलंबोला, आणि तिथून लघुलहरींवरून कार्यक्रम परत यायचा. लघुलहर आकाशातल्या आयनांच्या थरावर आपटून वरून खाली येते, तिला माथेरान आडवा येत नाही. म्हणजे मुंबईत बोललेला आवाज सुमारे तीन हजार किलोमीटरचा फेरा मारून कर्जतच्या खोऱ्यात उतरायचा, तोही बाजारातल्या पनवेलकराला मिळे तसाच! सरकारने याला उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू केली.

एफएमने ही भूगोलाची मांडणी पालटली. १९९३ मध्ये मुंबईत आकाशवाणीच्या एफएमवरचा वेळ खासगी निर्मात्यांना मिळू लागला. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला (निकालपत्र लिहिणाऱ्यांत न्या. पी. बी. सावंत होते). २००२ मध्ये मुंबईत खासगी वाहिन्या आल्या. परवाना शहराचा, जाहिरात शहराची, म्हणून कार्यक्रमही शहरात ये-जा करणाऱ्यांचा: गाणी, गप्पा, रस्त्यावरची कोंडी. नवी मुंबई वाढत पनवेलला भिडलेली असल्यामुळे पनवेल या 'शहरात' मोजलं गेलं. माथेरानमागची गावं मोजली गेली नाहीत. आवाज स्वच्छ झाला आणि ऐकणाऱ्यांचं वर्तुळ आकसलं, हे दोन्ही एकदमच घडलं. रेडिओच्या इतिहासात पहिली गोष्ट प्रगती म्हणून येते, दुसरी बहुतेक वेळा येतच नाही.

यावर २००६ च्या सामुदायिक रेडिओ धोरणाचं उत्तर सांगितलं जातं. त्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही परवाना खुला केला. मर्यादा सर्वसाधारणपणे १०० वॅट आणि ३० मीटरचा मनोरा. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीला मोकळं माळरान मिळालं. हेच १०० वॅट कर्नाळ्याच्या पायथ्याशी लावले तर एका वाडीला ऐकू येईल, शेजारच्या वाडीला नाही. नियमातली सर्वसाधारण मर्यादा मात्र दोन्हीकडे एकच.

आता तुमच्या कामाचं. जुन्या 'इंडियन लिसनर'च्या अंकांत कार्यक्रमपत्रिका मिळते, पण ती फक्त काय पाठवलं एवढंच सांगते. पोस्टातून रेडिओचा परवाना काढावा लागत असे. त्या आकड्यांवरून घरात संच होता एवढं कळतं, त्यात काय लागत होतं ते कळत नाही. त्यासाठी माणसांकडेच जावं लागतं. तिथे 'तुम्ही कोणतं केंद्र ऐकायचात?' असं विचारलंत की सगळे 'मुंबई' म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी विचारा, काका, रेडिओ घरात कुठे ठेवायचात? खिडकीत, माळ्यावर, की अंगणात? एरियलची तार कुठल्या झाडाला बांधली होती? रात्री दुसरं कुठलं केंद्र मधेच घुसायचं का? उत्तरं गावाच्या नकाशावर टिपत जा आणि त्यावर डोंगरांच्या समोच्च रेषा ठेवून बघा.