लहान गाडीची उंची : सुझुकी जिम्नी, लिफ्ट किट आणि जबाबदारीचा प्रश्न (१९७०–२०२५)

प्रस्तावना

मोटारगाडीच्या इतिहासलेखनात कारखाना आणि बाजारपेठ यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे गाडी विकली गेल्यानंतर तिच्यात होणाऱ्या बदलांना मिळत नाही. असे बदल हे छंदाचे क्षेत्र मानले जाते. गाडीची उंची वाढविण्याचा संच, म्हणजेच ‘लिफ्ट किट’, हा त्यांपैकीच एक होय. या संचाचा इतिहास पाहता एक मूलभूत प्रश्न समोर येतो : कारखान्याने ठरविलेली उंची मालकाने बदलली, तर त्या गाडीच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची? सुझुकीच्या जिम्नी या छोट्या चारचाकी-चालित गाडीच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

कायद्याने घडविलेली गाडी

जिम्नीचा उगम जपानच्या ‘केई’ वर्गात आहे. करात व नियमांत सवलत मिळण्यासाठी या वर्गातील गाडीला त्या काळी ३६० घन सेंटिमीटर इंजिन, तीन मीटर लांबी व १.३ मीटर रुंदी या मर्यादा पाळाव्या लागत. ‘होप’ या लहान जपानी कंपनीने १९६७ मध्ये काढलेल्या गाडीचे हक्क सुझुकीने विकत घेतले आणि एप्रिल १९७० मध्ये ‘एलजे १०’ ही पहिली जिम्नी बाजारात आणली. लांबीची मर्यादा ओलांडली जाऊ नये म्हणून तिचे जादा चाक आत, आसनाच्या मागे ठेवण्यात आले. परिणामी गाडीत तीनच माणसे बसू शकत.

केई वर्गाची रुंदी पुढे १९७६ मध्ये १.४ मीटर व १९९८ मध्ये १.४८ मीटर करण्यात आली; तरीही ती अरुंदच राहिली. याउलट खडकाळ वाटेवर उपयोगी पडणारी मोठी चाके बसवायची, तर गाडी उंच करणे भाग पडते. रुंदीवर शासनाचे बंधन आणि उंचीकडे मालकाची ओढ, हा ताण या गाडीच्या जन्मापासूनच तिच्यात होता.

उंची वाढविण्याचे तंत्र

१९८१ पासूनच्या ‘एसजे’ मालिकेत पुढे व मागे दोन्हीकडे सलग आस व पाट्यांचे सस्पेन्शन होते. पाटे आसाच्या खालून बांधलेले असत. ते सोडवून आसाच्या वर बसविले, की नवे पाटे न घेताही गाडी सुमारे पाच इंच उंच होते. दुसरा मार्ग लांब शॅकलचा. यात शॅकल दोन इंचांनी लांब केला तर आसाजवळ सुमारे एकच इंच मिळतो. १९९५ मध्ये जपानी जिम्नीला चारही चाकांवर कॉइल स्प्रिंग आल्या आणि लांब स्प्रिंग व त्यांना साजेसे शॉक अॅब्सॉर्बर असा तयार संच प्रचारात आला.

उंची वाढविल्यावर तिचा परिणाम इतर भागांवर होतो. आसाला आडवा धरून ठेवणारा दांडा तिरपा होतो आणि आस एका बाजूला सरकतो. पुढच्या चाकांना सरळ ठेवणारा कोन घटतो व गाडी रस्त्यावर भरकटू लागते. ब्रेकची नळी ताणली जाते. चांगल्या संचात म्हणूनच केवळ स्प्रिंग नसतात; समायोजित होणारा दांडा, कोन सुधारणारे बुश व लांब नळ्याही असतात. स्वस्त संचात नेमके हेच भाग गाळलेले आढळतात.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज नोंदविणे आवश्यक आहे. सलग आस असलेल्या गाडीत जमिनीला सर्वांत जवळचा भाग डिफरन्शियलचे कवच असते, आणि ते स्प्रिंग बदलल्याने तसूभरही वर जात नाही. ते मोठ्या चाकांनीच वर जाते. लिफ्ट किट त्या चाकांना जागा करून देते व गाडीचे पोट वर उचलते, इतकेच. गुरुत्वमध्य मात्र निश्चितपणे वर जातो. चाकांमधील आडव्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागल्यास स्थैर्याचे स्थूल माप मिळते. हे अंतर १४०० मि.मी. व गुरुत्वमध्य ७०० मि.मी. उंचीवर मानला तर ते माप १.०० येते, गुरुत्वमध्य ५० मि.मी. वर गेल्यास ०.९३ आणि १२० मि.मी. वर गेल्यास ०.८५ होते. माप जितके कमी, तितकी वळणावर गाडी उलटण्याची शक्यता अधिक.

अमेरिका : वादातून उत्तर

अमेरिकेत हीच गाडी १९८५ मध्ये ‘सामुराई’ या नावाने आली. जून १९८८ मध्ये ‘कन्झ्युमर्स युनियन’ या ग्राहकसंस्थेने ती वळणावर सहज उलटते, असे जाहीर करून तिला अस्वीकार्य ठरविले. ही चाचणी कारखान्याच्या मूळ उंचीच्या गाडीवर झाली होती, हे येथे विशेष महत्त्वाचे आहे. शासकीय महामार्ग सुरक्षा यंत्रणेने त्याच वर्षी दोष-चौकशीची मागणी फेटाळली. तथापि विक्री कोसळली. सुझुकीने १९९६ मध्ये दावा दाखल केला व तो जुलै २००४ मध्ये, पैशाची देवघेव न होता, तडजोडीने मिटला. दरम्यान वर दिलेल्या सूत्रावर आधारित उलटण्याच्या धोक्याची तारांकित श्रेणी २००१ च्या गाड्यांपासून शासनाने देण्यास प्रारंभ केला. परंतु ती श्रेणी कारखान्यातून निघालेल्या गाडीची असते. मालकाने उंच केलेल्या गाडीबाबत ती काहीच सांगत नाही.

जपान : मापातून उत्तर

जपानने १९९५ मध्ये बदलांसंबंधीचे नियम शिथिल केले. काही सुटे भाग ‘निर्दिष्ट’ ठरविण्यात आले आणि उंचीतील चार सेंटिमीटरपर्यंतच्या फरकासाठी रचना-बदलाच्या वेगळ्या तपासणीची अट राहिली नाही. ठरावीक मुदतीची शासकीय तपासणी मात्र कायम राहिली. बदल होणारच हे गृहीत धरून त्याला मोजता येईल अशी सीमा घालणे, हे या धोरणाचे सूत्र होते.

भारत : मनाईतून उत्तर

भारतात ही गाडी १९८५ मध्ये ‘मारुती जिप्सी’ या नावाने अवतरली. १९९३ मध्ये मारुतीने तिच्या चाकांमधील आडवे अंतर ९० मि.मी.ने वाढविले. स्थैर्याच्या सूत्रातील अंश वाढविण्याचा हा मार्ग कारखान्याने स्वीकारला. लिफ्ट किट नेमका छेद वाढविते. लष्कर, पोलीस आणि ताडोबासारख्या अभयारण्यांतील सफारी यांमुळे महाराष्ट्राला जिप्सी परिचित झाली व तिच्यात फेरफार करणारी गॅरेजेही उभी राहिली.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये २००० साली झालेल्या दुरुस्तीने, उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करण्यास मालकाला मनाई करण्यात आली. इंधन-बदलासारखे अपवाद ठेवण्यात आले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द करून या मनाईला दुजोरा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. यामागील तर्क सुस्पष्ट आहे. पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्था गाडीच्या नमुन्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देतात, उंची बदलली की रस्त्यावरची गाडी आणि प्रमाणित नमुना एक राहत नाहीत.

तथापि मनाईमुळे मागणी नाहीशी होत नाही. ती नोंदीबाहेर जाते. संचात कोन सुधारणारे बुश आहेत की नाहीत, हे पाहणारी यंत्रणाच मग उरत नाही.

निष्कर्ष

जून २०२३ मध्ये भारतात पाच दारांची जिम्नी विक्रीस आली. गुरुग्राम येथे तयार होणारी हीच गाडी एप्रिल २०२५ पासून ‘नोमाड’ या नावाने जपानमध्ये विकली जाऊ लागली. एकाच कारखान्यातून निघालेली गाडी एका देशात चार सेंटिमीटर उंच करणे हा नियमांतर्गत बदल ठरतो, तर दुसऱ्या देशात तोच अपराध ठरू शकतो. गाडीचे भौतिकशास्त्र मात्र दोन्हीकडे समानच असते.

यावरून असे म्हणता येईल, की धोका उंचीच्या प्रमाणात वाढतो, पण कायदा प्रमाणाची भाषा सर्वत्र बोलत नाही. अमेरिकी श्रेणी कारखान्याच्या दाराशी थांबली. भारतीय मनाईने चाळीस मि.मी. आणि दीडशे मि.मी. यांतील भेदच पुसून टाकला. नमुना-प्रमाणनाचे तत्त्व न सोडता अल्प बदलांसाठी मोजमापाची मर्यादा, संपूर्ण संचाची चाचणी व नोंदणी पुस्तकात त्याची नोंद, असा मध्यममार्ग भारतात शक्य आहे. असा मार्ग स्वीकारल्यास उंच केलेल्या गाडीची जबाबदारी अनामिक राहणार नाही. ती संच बनविणारा, बसविणारा आणि चालविणारा यांच्यात नोंदीनिशी वाटली जाईल.